आज्ञापालनाचा प्रयोग : पद्धतीचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न

१८ जून १९६१ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन शहराच्या दैनिकात एक जाहिरात छापून आली. स्मरणशक्तीवरील संशोधनासाठी शहरातले पाचशे पुरुष हवे होते. तासाभराच्या कामाचे चार डॉलर आणि येण्याजाण्याच्या खर्चाचे पन्नास सेंट मिळणार होते. कारखान्यातले कामगार, नगरपालिकेचे नोकर, केशकर्तनकार, कारकून, विक्रेते, बांधकामावरचे मजूर असे कोणीही चालणार होते. वय वीस ते पन्नास. विद्यार्थी मात्र नकोत. या संशोधनामागे येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिलग्रॅम हे २७ वर्षांचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ होते.

त्या जाहिरातीतला स्मरणशक्तीचा उल्लेख खोटा होता. अभ्यासाचा खरा विषय आज्ञापालन हा होता. या प्रयोगांवर गेली साठ वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ या खोट्या उल्लेखात आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि संशोधननीती ही दोन वेगळी प्रकरणे असतात. मी मानसशास्त्र शिकवत असताना ती तशीच वेगवेगळी शिकवावी लागत. मिलग्रॅम यांचे प्रयोग मात्र जितके बारकाईने वाचावेत, तितकी ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळत जातात. हे मिसळणे नेमके कुठे आणि कसे होते, ते या लेखात पाहायचे आहे.

प्रयोगाची मांडणी

प्रयोगशाळेत आलेल्या माणसाला तिथे आपल्यासारखाच आलेला आणखी एक जण भेटे. हा ४७ वर्षांचा, सालस चेहऱ्याचा हिशेबनीस. करड्या कोटातला प्रयोगकर्ता दोघांना चिठ्ठ्या उचलायला लावी. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिक्षक' असेच लिहिलेले असे, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस हमखास शिक्षक होई. हिशेबनीस संशोधकांनीच नेमलेला होता. तो आपल्याला 'विद्यार्थी' ही चिठ्ठी आल्याचे सांगे. मग त्याला शेजारच्या खोलीतल्या खुर्चीला बांधले जाई. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि उत्तर चुकले की विजेचा धक्का द्यायचा, असे काम ठरलेले असे. यंत्रावर १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत, १५-१५ने वाढत जाणारे ३० खटके होते. त्यांच्याखाली 'सौम्य धक्का' इथपासून 'धोका : तीव्र धक्का' इथपर्यंत पाट्या होत्या, आणि शेवटच्या दोन खटक्यांखाली नुसत्या तीन फुल्या. यंत्र खरे वाटावे म्हणून शिक्षकाला आधी ४५ व्होल्टचा एक खरा धक्का दिला जाई. हिशेबनिसाला मात्र एकही धक्का बसत नसे.

शिक्षक अडखळला की प्रयोगकर्ता ठरलेल्या चार वाक्यांपैकी एकेक वाक्य क्रमाने उच्चारी. पहिले वाक्य पुढे चालू ठेवण्याची साधी विनंती होते. दुसऱ्यात प्रयोगाची ती गरज असल्याचे, तर तिसऱ्यात पुढे जाणे अत्यंत आवश्यक असल्याचे सांगितले जाई. तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे गेलेच पाहिजे, हे चौथे वाक्य. त्यानंतरही माणसाने नकार दिला, तर प्रयोग थांबे.

पहिला निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४० पुरुषांची हकिकत आहे. त्या मालिकेत 'विद्यार्थी' ३०० व्होल्टला भिंतीवर मुठी आपटे, आणि ३१५ नंतर त्याच्याकडून काहीच प्रतिसाद येत नसे. तरीही ४० पैकी २६ जण, म्हणजे ६५ टक्के, ४५० व्होल्टपर्यंत गेले. मिलग्रॅम यांनी येलमधील १४ विद्यार्थ्यांना आधी अंदाज विचारला होता. त्यांपैकी कोणीही तीन टक्क्यांपेक्षा मोठा आकडा दिला नव्हता.

तेव्हा जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू होता. हॅना आरेंट यांचे त्या खटल्यावरील पुस्तक १९६३ सालीच आले. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या मिलग्रॅम यांच्या मनात युरोपातील हत्याकांडाचा प्रश्न पहिल्यापासून होता. त्यामुळे हा निबंध प्रयोगशाळेपुरता उरला नाही. साधी माणसे हुकूम मिळाला की काय करतील, याचे उत्तर विज्ञानाने दिले, असा त्याचा बोलबाला झाला.

थरथरणारे हात

निबंधातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग निकालाचा नाही, निरीक्षणाचा आहे. माणसांना घाम फुटत होता, ती अडखळत बोलत होती, ओठ चावत होती, स्वतःच्या तळव्यात नखे रुतवत होती. ४० पैकी १४ जणांना चमत्कारिक हसू फुटत होते, आणि तिघांना तर हसता हसता आवरता न येणारे झटके आले. हे सगळे मिलग्रॅम यांनी स्वतःच नोंदवले आहे.

१९६४ साली डायना बॉमरिंड यांनी या निबंधावर टीका केली. पालकांच्या संगोपनशैलींच्या अभ्यासासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या याच त्या बॉमरिंड. त्यांचा लेख नीतीचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात पद्धतीवरचाही आक्षेप आहे. प्रयोगशाळेत माणूस आधीच बावरलेला असतो आणि प्रयोगकर्त्यावर विश्वास टाकून आलेला असतो. तिथला आज्ञाधारकपणा छळछावणीतल्या पहारेकऱ्याच्या आज्ञाधारकपणाशी जोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नीतीचा आक्षेप याच विश्वासातून निघतो. ज्या विश्वासाने माणूस दारात आला त्याचाच वापर करून त्याला फसवले, आणि त्याच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेला तडा दिला, तर त्याची भरपाई कशी करणार?

मिलग्रॅम यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. एवढा ताण येईल अशी कल्पना नव्हती, असा त्यांचा पहिला मुद्दा. पहिल्या काही माणसांपुरता तो मान्य करता येईल. पण प्रयोग ऑगस्ट १९६१ पासून मे १९६२ पर्यंत चालले, आणि मांडणी बदलत बदलत सुमारे ७८० माणसे त्यातून गेली. पन्नासाव्या माणसाला घाम फुटला तेव्हा तो अनपेक्षित म्हणता येत नव्हता. दुसरा मुद्दा आकड्यांचा होता. नंतर टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीला ९२ टक्के लोकांनी उत्तर दिले. त्यांपैकी ८४ टक्क्यांना भाग घेतल्याचा आनंद होता, १५ टक्के तटस्थ होते, आणि पश्चात्ताप फक्त १.३ टक्के लोकांना झाला होता.

हे आकडे आजही नीतीच्या बचावासाठी दिले जातात. ते मुळात पद्धतीच्या कसोटीवर घासून पाहायला हवेत. प्रश्नावलीसोबत प्रयोगाचा अहवाल पाठवला होता. म्हणजे प्रयोग किती महत्त्वाचा होता हे वाचून मग लोक उत्तर देत होते. विचारणारा तोच संशोधक होता. ज्याने एका अनोळखी माणसाला आपण वेदना देत आहोत असे समजून खटके दाबले, त्याला 'ते विज्ञानाच्या उपयोगी पडले' एवढाच दिलासा शिल्लक होता. तो दिलासा त्याने धरून ठेवला असेल, तर त्यावरून त्याला इजा झाली नाही असा निष्कर्ष निघत नाही. उलट, 'ते सगळे दुखावले गेले' असेही या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ज्या प्रश्नासाठी हे आकडे पुढे केले जातात, त्याचे उत्तर त्यांच्यात नाही.

दुहेरी पेच

१९६८ साली मार्टिन ऑर्न आणि चार्ल्स हॉलंड यांनी वेगळ्या बाजूने हल्ला केला. प्रयोगात आलेला माणूस मूर्ख नसतो. इथे आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचा तो सतत अंदाज घेत असतो, हे ऑर्न आधीपासून सांगत होते. शेजारच्या खोलीत माणूस किंचाळतो आहे आणि नामांकित विद्यापीठातला प्रयोगकर्ता शांतपणे उभा आहे, यावरून 'इथे कुणाला खरी इजा होणार नाही' असे शहाण्या माणसाने ताडले, तर त्यात नवल काय? तसे असेल, तर मोजले गेले ते आज्ञापालन नव्हते. ते नाटकात साथ देणे होते.

आता पेच पाहा. लोकांचा धक्क्यांवर विश्वास बसला होता याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांचा घाम, अडखळणे, झटके. म्हणजे प्रयोगाची सप्रमाणता सिद्ध करायची, तर लोकांना झालेला त्रासच पुढे करावा लागतो. आणि नीतीच्या बाजूने बचाव करायचा, तर तोच त्रास किरकोळ होता असे म्हणावे लागते. विश्वास बसला असेल तर प्रयोग क्रूर ठरतो, बसला नसेल तर पोकळ. ही दोन उत्तरे एकाच माणसाला एकाच वेळी देता येत नाहीत; मिलग्रॅम यांना मात्र ती दोन वेगवेगळ्या टीकाकारांना द्यावी लागली.

लोकांनी स्वतः काय सांगितले? त्याच टपाली प्रश्नावलीत, विद्यार्थ्याला वेदनादायक धक्के बसत आहेत असा आपला पूर्ण विश्वास होता, असे ५६.१ टक्के लोकांनी लिहिले. २४ टक्क्यांना थोडी शंका होती, तरी बहुधा बसत असावेत असे वाटत होते. उरलेले अनिश्चित किंवा अविश्वासू होते. मिलग्रॅम यांनी पहिल्या दोन गटांची बेरीज करून बहुतेकांचा विश्वास होता असे म्हटले. पण या उत्तरांचे दुसरे विश्लेषण त्यांच्याच साहाय्यकाने करून ठेवले होते, ते अभिलेखागारात पडून राहिले. जीना पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ते प्रसिद्धीला आणले. धक्के खरे आहेत असे ज्यांना पुरते वाटत होते, ते नकार देण्याकडे अधिक झुकले होते. शंका असलेले लोक पुढे जात राहिले होते. प्रयोगाचा बोलबाला ज्या निष्कर्षामुळे झाला, त्याच्या मुळाशीच जाणारी ही गोष्ट आहे. मात्र ही उत्तरे सत्य कळल्यानंतर दिलेली आहेत, आणि 'मला तेव्हाच संशय आला होता' असे म्हणणे शेवटपर्यंत गेलेल्या माणसाला सोयीचे आहे, हेही विसरता येत नाही. फसवणुकीची ही किंमत फारशी मोजली जात नाही. ज्याला आपण फसवले, त्याच्या मनात तेव्हा नेमके काय होते हे नंतर त्याला विश्वासाने विचारता येत नाही.

खुलासा कधी झाला?

वर्गात हा प्रयोग सांगितला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच येई : 'मग त्या माणसांना खरं कधी सांगितलं?' प्रसिद्ध निबंधांवरून समज असा होतो की, प्रयोग संपताच हिशेबनीस हसत बाहेर येई, शिक्षकाशी हात मिळवी आणि सगळा उलगडा होई. ऑस्ट्रेलियातील लेखिका आणि मानसशास्त्रज्ञ जीना पेरी यांनी येलच्या ग्रंथालयातील मिलग्रॅम यांची कागदपत्रे आणि ध्वनिफिती तपासल्या, काही सहभागींना शोधून त्यांच्याशी त्या बोलल्या आणि २०१२ साली पुस्तक लिहिले. त्यातून दिसलेले चित्र वेगळे आहे. हिशेबनीस भेटत असे, तो ठीक आहे हे दिसत असे, धक्के वाटले तितके तीव्र नव्हते असेही सांगितले जाई. पण धक्के मुळात नव्हतेच, हे बहुसंख्य लोकांना त्या दिवशी कळले नाही. ते कळले काही महिन्यांनी, टपालाने आलेल्या अहवालातून. कित्येक माणसे 'आपण एका माणसाला विजेचे धक्के दिले' ही समजूत घेऊन घरी गेली आणि महिनोन्महिने तिच्यासह जगली.

असे का केले, याचे उत्तर पद्धतीत आहे. न्यू हेवन हे काही मोठे शहर नाही. घरी गेलेल्याने शेजाऱ्याला खरे सांगितले असते, तर पुढच्या आठवड्यात येणाऱ्याला गुपित आधीच कळले असते. म्हणजे पुढच्या प्रयोगाची शुद्धता राखण्यासाठी मागच्या माणसाला अंधारात ठेवणे भाग पडले. एक खोटे टिकवण्यासाठी दुसरे लागते, हे संसारातले अनुभवाचे बोल प्रयोगशाळेलाही चुकले नाहीत.

६५ चा आकडा

मांडण्या सुमारे दोन डझन होत्या. ६५ टक्के हा त्यांतल्या काहींचाच आकडा. विद्यार्थी शिक्षकाच्याच खोलीत बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्के उरले. त्याचा हात धातूच्या पट्टीवर स्वतः दाबून धरावा लागला तेव्हा ३० टक्के. सोबतच्या दोन 'शिक्षकांनी' बंड केले तेव्हा ४० पैकी फक्त चौघे टिकले. येलचे नाव काढून ब्रिजपोर्टमधल्या एका साध्या कार्यालयात प्रयोग केला तेव्हा ४७.५ टक्के. दोन प्रयोगकर्ते एकमेकांच्या विरुद्ध सांगू लागले, तेव्हा एकही जण शेवटपर्यंत गेला नाही. आणि एका मांडणीत लोकांना आपला मित्र किंवा नातलग बरोबर आणायला सांगून त्यालाच खुर्चीत बसवले. वीस जोड्यांपैकी फक्त तीन जण शेवटपर्यंत गेले. ही मांडणी मिलग्रॅम यांनी हयातीत प्रसिद्ध केली नाही. १९७४च्या त्यांच्या पुस्तकातही ती नाही.

ओळखीच्या माणसावर हात उचलायला ८५ टक्के लोकांनी नकार दिला, ही बातमी ६५ टक्क्यांच्या बातमीइतकीच मोठी होती. ती आली असती तर 'माणूस हुकमाचा ताबेदार' हे सूत्र इतके सरळ राहिले नसते. काय छापले नाही हा पद्धतीचा प्रश्न आहेच, शिवाय तो नीतीचाही आहे. त्या वीस माणसांना सर्वांत कठीण प्रसंगातून नेले, आणि त्यांच्याकडून जे कळले ते जगाला सांगितले नाही.

बर्गर यांची मर्यादा

नीतीचे नियम कडक झाले की संशोधनाचे पंख कापले जातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला याच्या उलट एक उदाहरण महत्त्वाचे वाटते. २००९ साली जेरी बर्गर यांनी मिलग्रॅम यांच्या प्रयोगाची मर्यादित पुनरावृत्ती प्रसिद्ध केली. आधी सहभागींची चाचणी घेऊन ताण न झेपणाऱ्यांना वगळले. कधीही उठून जाता येईल आणि पैसे तरीही तुमचेच, हे तीनदा सांगितले. प्रयोगकर्ता म्हणून चिकित्सक मानसशास्त्रज्ञ नेमला. प्रयोग संपताच खरे सांगितले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रयोग १५० व्होल्टलाच थांबवला.

हा टप्पा त्यांनी मिलग्रॅम यांच्याच आकड्यांतून शोधला. १५० व्होल्टला विद्यार्थी पहिल्यांदा 'मला सोडा' म्हणतो. तो टप्पा ओलांडणाऱ्यांपैकी ७९ टक्के शेवटपर्यंत गेले होते. म्हणजे निर्णयाची जागा ४५० नव्हती, १५० होती. इजा टाळायची म्हणून बर्गर यांना ही जागा शोधावी लागली, आणि त्या शोधातून जुन्या प्रयोगाबद्दल नवे काही कळले. त्यांच्या ४० पैकी २८ जण १५०च्या पुढे जायला तयार झाले. आणखी एक गोष्ट दिसली : 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही' हे चौथे वाक्य ज्यांना ऐकवावे लागले, त्यांतला एकही पुढे गेला नाही. चारही वाक्यांत खरा हुकूम हाच एक होता. ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायचर यांनी यावरून निराळा अर्थ लावला. लोक हुकूम पाळत नव्हते. विज्ञानाचे काम मोलाचे आहे असे मानून ते त्या कामात सामील होत होते. मला हा अर्थ अधिक पटतो, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. हुकमापुढे वाकलेल्या माणसाला निदान सबब तरी असते.

आणि मग एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. करड्या कोटातल्या माणसाने, निरीक्षकांनी आणि स्वतः मिलग्रॅम यांनी लोकांचे हाल रोज पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा चालू केला. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. काम मोलाचे आहे, एवढा विश्वास त्यांना पुरला.

आपल्याकडे

अमेरिकेत १९७४ साली संशोधनविषयक कायदा झाला आणि १९७९ साली बेलमाँट अहवाल प्रसिद्ध झाला. त्यामागे मुख्य कारण टस्कीगीतील काळ्या रुग्णांवरील सिफिलिसच्या अभ्यासाचे १९७२ साली फुटलेले बिंग हे होते. पण मानसशास्त्रातल्या नियमांच्या चर्चेत मिलग्रॅम यांचे नाव सतत येत राहिले. आपल्याकडे मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २००० साली तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. कागद आहेत.

पण महाविद्यालयातले एक नेहमीचे दृश्य घ्या. मानसशास्त्राचे शिक्षक आपल्या संशोधनासाठी आपल्याच वर्गात प्रश्नावल्या वाटतात. वर संमतीपत्र असते, बहुधा इंग्रजीत. 'सहभाग ऐच्छिक आहे' असे त्यावर लिहिलेले असते. ज्यांच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत, त्यांच्याच हातून आलेला तो कागद असतो. साठ मुले मुकाट्याने सही करतात. इथे कुणी कुणाला धक्के देत नाही, प्रश्नही साधेच असतात. तरी ती सही संमतीची आहे की आज्ञापालनाची, हे त्या शिक्षकांनाही सांगता येणार नाही. आणि जो नाही म्हणू शकत नाही, तो प्रश्नावलीतल्या प्रश्नांनाही खरे उत्तर देईल याची खात्री कोण देणार? सहकारी शिक्षकाने प्रश्नावल्या वाटाव्यात, त्या निनावी असाव्यात, कोरा कागद परत देण्याची मुभा असावी आणि संमतीपत्र मराठीत असावे. एवढ्याने नीती सांभाळली जाईल, आणि मिळालेली माहितीही अधिक विश्वसनीय होईल.

आपल्या प्रात्यक्षिकांच्या वहीत प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त अशी दोन नावे असतात, आणि शेवटी प्रयुक्ताच्या अंतर्निरीक्षणात्मक निवेदनासाठी जागा सोडलेली असते. विद्यार्थी तिथे 'प्रयोग करताना मला आनंद वाटला' असे लिहून मोकळे होतात. मला ती जागा सगळ्या वहीत मोलाची वाटत आली आहे, कारण तेवढ्याच ओळींत प्रयुक्त स्वतः बोलतो.

मिलग्रॅम १९८४ साली वयाच्या ५१व्या वर्षी गेले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे : त्यांनी काहीही फाडून टाकले नाही. ध्वनिफिती, प्रश्नावल्या, न छापलेल्या मांडण्या, विरोधात जाणारी विश्लेषणे, सगळे जपून ठेवले. त्यांच्यावरची आजची टीका त्यांनीच राखलेल्या कागदांवर उभी आहे. त्या फितींवर प्रयोगकर्त्याशी वाद घालणारी, विनवणारी, पैसे परत घ्या म्हणणारी माणसे ऐकू येतात. ६५ टक्क्यांच्या आकड्यात ही माणसे आज्ञाधारक किंवा अवज्ञाकारी अशा दोनच खणांत बसवली गेली. त्यांचे बोलणे मात्र ग्रंथालयात शाबूत आहे, आणि ते ऐकण्याचे काम अजून संपलेले नाही.